मिरचीच्या आधीचं ताट

हंगामात भिवापूरच्या एखाद्या मिरची सातऱ्यावर दहा मिनिटं उभं राहून बघावं. जमिनीवर लाल पसारा, नाकातोंडाला पदर बांधून देठ खुडत बसलेल्या बाया, आणि नव्या माणसाला आल्याआल्या ठसका. भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची या मातीचीच मानली जाते. पण मिरचीचं माहेर मेक्सिकोकडचं. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली आणि नावसुद्धा तिनं मिऱ्यांकडून उसनं घेतलं.

त्यामुळे पौराणिक मालिकेत ऋषिपत्नीच्या सुपात लाल मिरच्या दिसल्या की मला घरबसल्या ठसका लागतो. आश्रमाच्या परसात मक्याची कणसं, राजाच्या तबकात पेरू आणि अननस, स्वयंपाकघरात टोमॅटो. ही सगळी मंडळी अमेरिकेतून आलेली. सीताफळाबद्दल मात्र कलादिग्दर्शकाला बोल लावणं जड जातं; नाव सीतेचं असल्यावर त्यानं तरी काय करावं! आणि आपली उपासाची थाळी कुठे वेगळी आहे? बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद. ताटात जुनी म्हणावी ती एकटी वरई.

चुका पकडणं सोपं असतं, त्याचा मला फारसा सोस नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या पौराणिक आणि अद्भुत मालिकांत अन्न मांडलेलं असतं, शिजलेलं नसतं. सोन्याचं ताट येतं, पण त्यातलं धान्य दळलं कुणी, सरपण कुठून आलं, कोठारात काय उरलंय, याचा पत्ता नसतो.

जात्याचंच बघा. नेवाशाच्या उत्खननानंतर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनी मांडलं की गोल फिरणारं जातं दख्खनमध्ये इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास आलं. त्याआधी धान्य पाट्यावर मागेपुढे रगडत. म्हणजे रामायणकाळ म्हणून जो काही काळ दाखवायचा, त्यात घरघरणारं जातं शंकास्पदच. पण यातली खरी गंमत तारखेत नाही. पाट्याशी बाई एकटी, गुडघ्यांवर, सगळा भार खांद्यांवर घेऊन असते. जात्याशी दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला हात लावतात, म्हणून तिथं ओवी येते, कागाळी येते, रडणंही येतं. अवजार बदललं की प्रसंग बदलतो. हे ज्या पटकथाकाराला कळलं, त्याला दोन सासुरवाशिणींचा अख्खा प्रवेश फुकटात मिळाला.

साधनं नाहीत अशी सबब चालणार नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या जेवणावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात भाजलेल्या उंदरांची कृतीसुद्धा आहे (ती दाखवायची छाती कुठल्या वाहिनीला होईल?). म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त तेराव्या शतकातलं भिक्षेचं अन्न पानोपानी भेटतं. भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी जिलबीपासून शोभेच्या दारूपर्यंत एकेका वस्तूची जन्मकुंडली मांडून ठेवली आहे. शोभेची दारू आपल्याकडे साधारण १४०० च्या सुमारास दिसू लागते. अयोध्येच्या आकाशात फुटणाऱ्या बाणांवर गोड्यांनी केव्हाच पाणी ओतलं आहे, पण निर्मात्यांच्या कानावर ते गेलेलं दिसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की कल्पनाविश्वच आहे, मग मुभा नको का? मुभा हवीच, पण तिचा हिशेब लागतो. टॉल्किननं 'द हॉबिट'च्या १९३७ च्या आवृत्तीत टोमॅटो लिहिले होते. १९६६ च्या आवृत्तीत ते खोडून तिथं लोणचं आणलं. बटाटे मात्र त्याच्या जगात राहिले. सगळं शास्त्रशुद्ध झालं नाही, पण आपल्या जगात काय खपेल आणि काय खटकेल, याचा विचार त्यानं केला, आणि तोही तीस वर्षांनी परत येऊन. तुमच्या राज्यात मिरची असेल तर कुठंतरी बंदर असलं पाहिजे, गलबत असलं पाहिजे, जकात असली पाहिजे. एवढं केलंत की मग खुशाल तिखट करा.

मराठी मातीतून हे जमलेलं ठळक उदाहरण म्हणजे राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८). भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस आणि हाव कोकणातली. त्यातल्या हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, अन्न मिळालं नाही. त्या भुकेवर अख्खा चित्रपट उभा आहे. नायक विनायक पिठाची बाहुली घेऊन त्याच्याकडे खाली उतरतो तेव्हा ते पीठ एकाच वेळी आमिष, अवजार आणि नैवेद्य असतं. नियम एकदा ठरला की चित्रपट तो मोडत नाही, आणि शेवटचा घात त्याच नियमातून होतो. कोकणातलं पीठ म्हटल्यावर मला तांदळाची उकड आठवते खरी, पण तिथं पिठाची जात विचारावीशी वाटत नाही. भुकेनं तेवढं भागवलं आहे.

आणि आमच्याकडे? भिवापूरहून पवनी हाकेच्या अंतरावर, तिथं स्तूपांचे अवशेष. पलीकडे कुही तालुक्यात अडमचं प्राचीन नगर. नायकुंडला महापाषाणयुगीन माणसांची लोखंड गाळायची भट्टी सापडली, माहुरझरीला माणसांसोबत पुरलेले घोडे. एवढ्या सामग्रीवर एखादं अद्भुत राज्य सहज उभं राहील. त्याच्या चुलीवर जवस असेल, कुळीथ असेल, मोहाची फुलं असतील, आणि मिरची अजिबात नसेल.

ती चव कशी असेल म्हणून मी एकदा घरी लाखोळीच्या डाळीचं वरण मिरची न घालता केलं. मिरे, पिंपळी, सुंठ. तिखट लागतं, पण जिभेवर नाही. घशात, जरा उशिरानं, आणि मग छातीत ऊब राहते. आईनं एक घास घेतला, वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कोन बिमार हाय रे?"