'असंबंधी' विदागारे : एका संज्ञेची चिकित्सा

विदागार, म्हणजे व्यवहारात ज्यास डेटाबेस म्हणतात, त्याच्या निवडीविषयी गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्यातील बराचसा घोटाळा वस्तूचा नसून नावाचा आहे. 'नोएसक्यूएल' हे नाव कार्लो स्ट्रॉझी यांनी १९९८ मध्ये स्वतःच्या विदागारास दिले. ते विदागार संबंधी पद्धतीचेच होते, फक्त त्यात एसक्यूएल ही प्रश्नभाषा नव्हती. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका बैठकीसाठी तेच नाव पुन्हा योजले गेले आणि ते संबंधी नसलेल्या झाडून साऱ्या विदागारांना चिकटले. 'केवळ एसक्यूएल नव्हे' हा त्याचा अर्थ मागाहून लावलेला आहे. लोकव्युत्पत्तीचा हा अगदी अलीकडचा नमुना म्हणावयास हरकत नाही.

संस्कृत व्याकरणपरंपरेने नकाराचे पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध असे दोन प्रकार मानले आहेत. 'अब्राह्मण आणा' असे सांगितले असता कोणी मातीचे ढेकूळ आणीत नाही, दुसरा माणूसच आणतो, हे पतंजलीने नञ्समासाच्या चर्चेत दाखविले आहे. 'असंबंधी' हा नकारही पर्युदासाच्याच जातीचा. त्यावरून दुसरे एखादे विदागार अभिप्रेत आहे एवढे कळते. ते कोणते, हे कळत नाही. कळ आणि मूल्य यांच्या जोड्या ठेवणारे रेडिस, दस्तऐवज ठेवणारे मोंगोडीबी, स्तंभसमूहांचे कॅसँड्रा आणि आलेखरूप निओ४जे यांचे परस्परसाम्य बेताचेच आहे.

मराठीत तर हा गोंधळ दुणावतो. एडगर कॉड यांनी १९७० च्या निबंधात योजलेला 'संबंध' हा गणितातील संबंध होय. एकेक तक्ता हाच एकेक संबंध. तक्त्यातक्त्यांमधील नाते हा त्याचा अर्थ नव्हे. पण मराठीत दोहोंनाही 'संबंध' हाच शब्द असल्याने, नातीच जपणारे निओ४जे 'असंबंधी' का, हे विद्यार्थ्यास उमगत नाही.

कॉड यांच्या निबंधातील एक उदाहरण पुरवठादार, सुटा भाग, प्रकल्प आणि नग यांचे आहे. चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या वाहनउद्योगात हेच नाते रोज घडते. त्यापूर्वी, १९६६ पासून, आयबीएमने अपोलो मोहिमेतील सुट्या भागांच्या याद्यांसाठी आयएमएस हे श्रेणीबद्ध विदागार उभारले होते. अशा रचनेत यान, त्यात जोडणी, जोडणीत भाग, अशी वरून खाली उतरण असते. वरून विचारलेला प्रश्न सुलभ. खालून विचारलेला बिकट. कॉड यांचा आक्षेप नेमका याच परावलंबनावर होता : विदेपर्यंत जाण्याची वाट बदलली की तीवर विसंबलेले कार्यक्रम कोलमडतात. दस्तऐवजी विदागारांच्या पुरस्कर्त्यांना आपण या जुन्या वाटेच्या तोंडाशी पुन्हा आलो आहोत, याची जाणीव क्वचितच दिसते.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात दर वाहनाचा एक दस्तऐवज केला आणि बसविलेले सर्व भाग त्यातच नोंदले. एका वाहनाची माहिती क्षणात मिळेल. परंतु ब्रेकच्या एका उत्पादनगटात दोष निघाला, तर प्रश्न उलटा येतो : हा गट कोणकोणत्या वाहनांत गेला? त्या रकान्याची सूची आधी केली असेल तर उत्तर निघते. मात्र एका कार्यक्रमाने 'बॅच' व दुसऱ्याने 'लॉट' असे लिहिले असेल, तर सूचीही अर्धेच उत्तर देते, आणि ते अर्धे आहे हे कळत नाही. ज्याला 'आराखडाविरहित' म्हणून गौरविले जाते, त्यात आराखडा नसतो असे नव्हे. तो कार्यक्रमांत विखुरलेला आणि अलिखित असतो. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला असताना, सुटलेले वाहन हा केवळ हिशेबाचा प्रश्न राहत नाही.

याचा अर्थ ही विदागारे टाकाऊ आहेत असा नव्हे. यंत्राचे तापमान व कंपने यांच्या सेकंदासेकंदाच्या नोंदी केवळ साचत जातात, दुरुस्त होत नाहीत. त्यांना कॅसँड्रासारखी रचना मानवते. ओतीव भाग, रबरी नळी आणि तारांची जुडी यांच्या तपासणीपत्रकांत रकानेच निरनिराळे असतात. तेथे दस्तऐवज सोईचा. भागात भाग, त्यात आणखी भाग, अशी अनिश्चित खोली असेल तर आलेखाचा विचार व्हावा. ॲमेझॉनने २००७ च्या डायनॅमो-निबंधात तर काढलेली वस्तू खरेदीच्या टोपलीत क्वचित पुन्हा उगवते हे मान्य केले आणि टोपली सदैव उघडी राहणे अधिक मोलाचे मानले. टोपलीपुरता हा सौदा रास्त आहे. पण कोठारातून माल निघाला आणि बीज��ात चढला नाही, असे चालत नाही. दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. ही हमी संबंधी विदागारांत फार पूर्वीपासून रुळलेली आहे. मोंगोडीबीने अनेक दस्तऐवजांपुरती ती २०१८ मध्ये आणली, तर संबंधी पंथातील पोस्टग्रेसने २०१४ मध्येच जेसनबी हा दस्तऐवजी प्रकार आत्मसात केला होता. तेव्हा विकसकाने पंथाचे नाव विचारण्याऐवजी, विदेला पुढे कोणते प्रश्न विचारले जाणार आणि त्यांपैकी कोणत्या उत्तरातील चूक खपणार नाही, याची यादी आधी करावयास हवी. आणि उलट दिशेचे प्रश्न आज ठाऊक नसतील, तर सुरुवात तक्त्यांनीच करावी.