भांडण बर्फावरचं, दैवत बर्फाखालचं

उत्तर ध्रुवावर बर्फात कोरलेलं एक शहर. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि तटबंदीच्या आत हिरवळीने वेढलेलं एक लहानसं तळं. तळ्यात दोन मासे एकमेकांभोवती संथ फिरत असतात. पांढरा मासा म्हणजे चंद्र, काळा म्हणजे समुद्र. शत्रूचा सेनापती येतो, पांढरा मासा पिशवीत कोंबतो आणि अखेर मारून टाकतो. आकाशातला चंद्र विझतो. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेचं पहिलं पर्व डिसेंबर २००५मध्ये या प्रसंगाशी येऊन संपलं. मालिका लहान मुलांच्या वाहिनीवरची. पण दैवत इतकं इवलंसं आणि इतकं मारता येण्याजोगं दाखवायचं धाडस मोठ्यांच्या फँटसीतही क्वचितच दिसतं.

बर्फाळ मुलूख, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्या आणि वारा-पाणी-प्राण्यांत वसणारी दैवतं हा फँटसीचा आता हुकमी माल झाला आहे. कादंबऱ्या, चित्रपट, व्हिडिओ गेम, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचे खेळ, सगळीकडे तो खपतो. त्यातला कस ओळखायला दोन साधे प्रश्न पुरतात. भांडण कशावरून आहे? आणि दैवत माणसांकडे मागतं काय? पहिल्याचं उत्तर बहुतेक कलाकृती कसंबसं देतात. दुसऱ्यावर त्या गप्प बसतात.

साचा जुनाच आहे. एलियास लोनरोटने फिनलंड आणि कारेलियातली लोकगीतं गोळा करून ‘कालेवाला’ रचलं. पहिली आवृत्ती १८३५ची, पन्नास सर्गांची वाढीव आवृत्ती १८४९ची. एकीकडे कालेवाचे लोक, दुसरीकडे उत्तरेतला पोह्योला आणि मधे साम्पो, म्हणजे पीठ, मीठ आणि पैसा दळणारं जादूचं जातं. भांडण स्वच्छ आहे, जात्यावरून आहे. साम्पो हातचा गेल्यावर पोह्योलाची मालकीण लौही सूर्य-चंद्र चोरून डोंगरात कोंडते. अंधार आणि थंडी ही शत्रूची हत्यारं होतात आणि उत्तरेचा शेजारी म्हणजे चेटक्या, ही जुनी समजूत काव्यात ठाण मांडून बसते.

त्या समजुतीची किंमत खऱ्या माणसांनी मोजली होती. नॉर्वेच्या उत्तर टोकाला १६९१मध्ये आंदेर्स पोल्सेन नावाच्या वयस्क सामी माणसाचा ढोल जप्त झाला. देवांशी बोलायचा तो ढोल. १६९२मध्ये त्याच्यावर चेटुकाचा खटला चालला आणि अंतिम निकाल येण्याआधी कोठडीतच त्याचा खून झाला. ढोल कोपनहेगनला गेला. त्याची मालकी सामींकडे यायला २०२२ उजाडलं.

मराठी वाचकाचं या मुलखाशी नातं जुळतं ते टिळकांमुळे. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा त्यांचा ग्रंथ १९०३मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातली लांबलेली उषा ही ध्रुवाजवळची पहाट, आणि इंद्र-वृत्राचं युद्ध म्हणजे दीर्घ रात्रीच्या तावडीतून प्रकाशाची नि पाण्याची सुटका, असा त्यांनी लावलेला अर्थ. अभ्यासकांनी हा सिद्धान्त स्वीकारला नाही. निसर्गदैवतांच्या ध्रुवीय लढाईचं चित्र म्हणून मात्र तो अजूनही झपाटून टाकतो. टिळकांचा शोध वेदांचा होता, त्यामुळे त्यांच्या आर्क्टिकमध्ये पहाट आहे, देव आहेत आणि आर्य आहेत; पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे लोक नाहीत. त्यांच्याकडे ग्रंथाच्या विषयाचं कारण तरी होतं. पुढच्या फँटसीकारांना ते नव्हतं, तरी मुलूख रिकामा समजण्याची सवय त्यांनीही उचलली.

मुलूख रिकामा कधीच नव्हता. इनुइट समुद्रदेवीचं नाव प्रदेशागणिक बदलतं: कुठे सेडना, कुठे नुलियायुक, ग्रीनलंडमध्ये सासुमा आर्ना. एका प्रचलित कथेत बाप तिला होडीतून पाण्यात लोटतो. ती काठाला धरते तेव्हा तिची बोटं छाटतो. त्या बोटांचे सील आणि वॉलरस होतात. माणसांनी शिकारीचे विधिनिषेध मोडले की त्याचा मळ तिच्या केसांत साचतो, आणि बोटंच नाहीत तर ती विंचरणार कशी? मग ती जनावरं अडवून धरते आणि वरती उपासमार सुरू होते. अशा वेळी अंगाक्कुक, म्हणजे तिथला भगत, समुद्राच्या तळाशी उतरतो आणि तिचे केस विंचरून देतो. दैवत इथे कुणाच्या बाजूने लढत नाही, हिशेब मागतं. मान चुकला की राखणदार रुसतो, हे कोकणात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. सेडनाचा रुसवाही त्याच जातीचा आहे.

‘अवतार’ची ताकद ही, की तिने हा हिशेब वेगळ्या रूपात पकडला. मायकल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को यांनी रचलेल्या या जगात पाण्याच्या दोन जमाती आहेत. दक्षिणेची जमात हल्ल्यांनी मोडून मूठभर झोपड्यांवर आली आहे. उत्तरेची तटबंदीआड सुखरूप आणि तितकीच कर्मठ आहे, इतकी की मुलींना लढाऊ विद्या शिकवायला तिथले गुरू नकार देतात. पोशाख, होड्या, सीलचं मांस हे तपशील इनुइट जीवनातून आलेले. दोन माशांची नावं, तुई आणि ला, चिनी भाषेतल्या ढकलणं आणि ओढणं या क्रियांवरून. ही भेसळ आहे, पण तिच्यात तर्क आहे. भरती-ओहोटीची ढकल-ओढ हीच पाण्याची विद्या. मासा मेला की विद्याही मेली. चंद्र परत आणायला राजकन्या यूए स्वतःचा जीव देते, आणि मालिका ते मरण मागे घेत नाही.

त्याच जोडीची पुढची मालिका ‘द लिजंड ऑफ कोरा’ आणि तिचं २०१३मधलं दुसरं पर्व विषयाच्या गाभ्याला अधिक थेट भिडतं. या वेळी उत्तर आणि दक्षिण एकमेकांविरुद्धच उभ्या ठाकतात. उत्तरेचा प्रमुख उनालाक तक्रार करतो की दक्षिणेत हिमदैवतांच्या उत्सवाची निव्वळ जत्रा झाली आहे: पाळणे आणि खाऊच्या गाड्या आहेत, श्रद्धा नाही, म्हणूनच दैवतं कोपली आहेत. तक्रारीत तथ्य आहे. ते तथ्य हाताशी धरून तो दक्षिणेत फौज घुसवतो, तेव्हा कथा खऱ्या अर्थाने रंगते, कारण भक्ती आणि बळकावणं एकाच माणसात नांदताना दिसतात. पण चौदा भागांच्या या पर्वाला हा पेच पेलत नाही. शेवटी उनालाक अंधाराच्या महाभूताशी एकरूप होतो, नायिकाही आकाशाएवढी होते, दोघं बंदरात झोंबतात, आणि उत्सवाच्या जत्रेचा प्रश्न कुणाला आठवत नाही. जुन्या मालिकेत दैवत ओंजळीएवढं होतं. नव्या मालिकेत ते इमारतीएवढं झालं आणि भित्तिचित्रासारखं सपाटही. ‘बिगिनिंग्ज’ हे जुन्या चिनी-जपानी चित्रशैलीतले दोन भाग तेवढे या पर्वाची लाज राखतात.

फाशांवरच्या खेळांची गत आणखी सरधोपट आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या आइसविंड डेल या मुलखाची ओळख आर. ए. साल्वाटोरेच्या ‘द क्रिस्टल शार्ड’ने १९८८मध्ये घट्ट केली. तिथल्या रेघेड टोळ्या अस्वल, लांडगा, वाघ आणि एल्क हरिण या चार नावांच्या. चिन्हं वेगळी असली तरी वागणं सारखंच आहे. २०२०च्या ‘राइम ऑफ द फ्रॉस्टमेडन’मध्ये हिवाळ्याची देवी ऑरिल न संपणारी रात्र लादते. वातावरण जबरदस्त, पण देवीवरचा उपाय तिला हरवणं हाच, तिचे केस विंचरायचा पर्याय खेळाडूला फारसा सुचू नये अशीच रचना.

फिलिप पुलमनची ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) जास्त हुशार आहे. त्यातली चिलखती अस्वलं स्वालबार्डवर राज्य करतात. या बेटांवर मूळनिवासी लोकवस्ती कधीच नव्हती, त्यामुळे अस्वलांचं राज्य कुणाचं घर बळकावून वसवलेलं नाही. अस्वलांच्या राजाला माणसांसारखं व्हायची हाव सुटते आणि तीच त्याला बुडवते, भांडणाचं कारण इतकं नेमकं फार थोड्या लेखकांना सापडलं आहे. मात्र पुलमनचं औदार्य अस्वलांपाशी संपतं. बालनायिका लायराला पळवून विकणारे शिकारी सामोयेद आहेत, आणि सामोयेद हे नेनेत्स व त्यांच्या नातेवाईक लोकांना रशियनांनी लावलेलं जुनं नाव. काल्पनिक जमातीला कुळशील मिळालं, खऱ्या जमातीला खलनायकाची किरकोळ भूमिका.

२०१९च्या ‘फ्रोझन २’पाशी थोडं थांबायला हवं, कारण या प्रांतात काय सुधारलं आणि काय नाही, ते तिथे एकाच पडद्यावर दिसतं. आरेन्डेलचा राजा रुनार्ड सामींवर बेतलेल्या नॉर्थुल्ड्रा लोकांना धरण भेट देतो. धरण जंगलाचं बळ शोषतं. राजा त्यांच्या म्होरक्याला पाठीमागून ठार करतो. धुकं दाटतं आणि दोन्ही बाजूंची माणसं ३४ वर्षं आत अडकतात. मुलांच्या चित्रपटात नायिकेचे आजोबाच गुन्हेगार निघणं ही साधी गोष्ट नव्हे. प्रदर्शनाआधी डिस्नेने नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या सामी संसदांशी व सामी परिषदेशी लेखी करार केला, सल्लागार घेतले आणि उत्तर सामी भाषेत चित्रपटाचं ध्वनिमुद्रण केलं. पहिल्या ‘फ्रोझन’च्या (२०१३) सुरुवातीला सामी गायकीवर बेतलेला सूर होता, पण पडद्यावर सामी असे कुणी नव्हते. त्या मानाने ही मोठी मजल.

तरी दैवतं कोणती? वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. ही चौकट ग्रीक तत्त्वज्ञांची. पाण्याचा घोडा स्कँडिनेव्हियन लोककथांतला. करारात सामी आहेत, जंगलात रेनडिअर आहेत, देव्हारा मात्र दुसऱ्याचा आहे. आणि शेवट? धरण फुटतं, लोंढा आरेन्डेलवर येतो, नायिका एल्सा ऐन वेळी तो थोपवते. अन्यायाची भरपाई झाली आणि कुणाचं कौलही हललं नाही. हे धरण पाहताना नॉर्वेतल्या आल्टा नदीची आठवण टळत नाही. तिथल्या जलविद्युत प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात ‘माझे’ नावाचं सामी गाव पाण्याखाली जाणार होतं. १९७९मध्ये सामी तरुण ऑस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. १९८१च्या जानेवारीत सुमारे ६०० पोलिसांनी निदर्शकांना उचलून हलवलं. गाव वाचलं, पण धरण झालंच. त्या लढ्यानंतर १९८९मध्ये नॉर्वेतल्या सामींची संसद उभी राहिली. खऱ्या गोष्टीत दोन्ही बाजूंनी काहीतरी कायमचं गमावलं आणि कमावलं. कल्पित गोष्टीला तेवढीही जोखीम परवडली नाही.

त्या मुलखातल्या माणसांनी स्वतः कॅमेरा हातात घेतला तेव्हा वेगळं काय घडलं? निल्स गाउपचा ‘ओफेलाश’ (१९८७) हा सामी भाषेतला पहिला कथापट. परभाषी चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळालं. हल्लेखोर टोळी आणि तिला फसव्या वाटेने नेणारा मुलगा, एवढीच कथा. त्यातला नोआइदी, म्हणजे सामी भगत, मुलाचं नाक-तोंड दाबून धरतो. श्वास कोंडल्यावर हवेशी असलेलं नातं त्याला कळतं. संपूर्ण चित्रपटात अध्यात्माचा यापेक्षा मोठा देखावा नाही, आणि त्याची गरजही भासत नाही.

‘नेव्हर अलोन’ (२०१४) या व्हिडिओ गेमच्या निर्मितीत अलास्कातल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलचा पुढाकार होता. निवेदन इन्यूपियाक भाषेत, कथा रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड या कथेकऱ्याने सांगितलेली. न थांबणाऱ्या वादळाच्या मुळाशी कुणी देवी नाही. एक अवाढव्य माणूस कुदळीसारख्या हत्याराने बर्फ खणत बसला आहे, इतकंच. खेळ म्हणून उड्या कधीकधी चुकतात, हातातली पकड सुटते. पण मधे उलगडणाऱ्या २४ छोट्या चित्रफितींत वडीलधारी मंडळी बोलू लागतात तेव्हा खेळाडू कळफलक सोडून ऐकत राहतो.

सगळ्यांत वरचं स्थान मात्र झकारियास कुनुक यांच्या ‘अतानारजुआत’चं. २००१मध्ये कान महोत्सवात पदार्पणाचा कॅमेरा दॉर मिळवणारा, संपूर्णपणे इनुक्टिटुट भाषेतला हा पहिला कथापट इग्लूलिकमध्ये तयार झाला. एक परका भगत वस्तीत येतो, म्होरक्या मरतो, आणि द्वेष दोन घरांत पिढीभर झिरपत राहतो. त्या भगताबरोबर आलेला दुरात्मा पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती वाटणीत कमी मिळालेली शिकार, ठरलेल्या नवरीवरून पेटलेला हेवा, एकाच तंबूत दाटीने झोपलेली माणसं. भांडण कशावरून, हे इथे प्रत्येक घासात कळतं. पारंपरिक आख्यानात नायक सूड घेऊन मोकळा होतो. कुनुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवट बदलला: नायक हात आवरतो, वस्ती मिळून दुरात्म्याला हुसकावते, आणि म्हातारी पानिकपाक अपराध्यांना माफ करून कायमचं निघून जायला सांगते. त्यांत तिची स्वतःची नातवंडं आहेत.

आजचं चित्र असं मिश्र आहे. ‘अवतार’वरच्या २०१०मधल्या ‘द लास्ट एअरबेंडर’ या चित्रपटात पाण्याच्या जमातीतली भावंडं गोऱ्या कलाकारांना दिली म्हणून गदारोळ झाला होता, नेटफ्लिक्सच्या २०२४च्या मालिकेत त्यांतल्या बहिणीची, कटाराची भूमिका मोहॉक समाजातल्या अभिनेत्रीकडे आली. इकालुइतच्या इनहॅबिट मीडियाने ‘ताक्तुमी’ (२०१९) हा उत्तरेतल्या भयकथांचा संग्रह काढला. चेहरे, भाषा, परवानग्या यांत वीस वर्षांत फरक पडला आहे. कथेच्या यंत्रात कमी. बड्या निर्मितीत दैवत अजूनही बॅटरीसारखं वापरलं जातं, ती जिच्या हाती, ती टोळी जिंकते.

‘अतानारजुआत’ जवळजवळ तीन तासांचा आहे. तो संपतो आणि श्रेयनामावली सुरू होते तेव्हा पडद्यावर चित्रीकरणाची दृश्यं येतात: बर्फावर घसरगाडीवर ठेवलेला कॅमेरा, तो ढकलणारी माणसं, आजच्या कपड्यांतले कलाकार, आणि त्याच बर्फावरून अनवाणी, उघडा धावणारा नायक. त्याच्या पुढे थोड्या अंतरावर, चित्रीकरण करत, गाडी धावते आहे.