जॉज
पीटर बेंचली (१९४०–२००६) या अमेरिकन लेखकाची उत्कंठाप्रधान कादंबरी (१९७४). ॲमिटी या काल्पनिक किनारी गावात महाकाय शार्क माशाने पहिला बळी घेतल्यावरही, उन्हाळी पर्यटनाचे उत्पन्न बुडू नये म्हणून ती घटना दडपली जाते. या सामूहिक लोभाच्या चित्रणातच कादंबरीचे खरे सामर्थ्य आहे. पोलीसप्रमुख ब्रॉडीच्या पत्नीचे प्रेमप्रकरण त्यात उपरे वाटते. स्टीव्हन स्पिलबर्गच्या चित्रपटाने (१९७५) ते वगळले. पात्रांविषयी सहानुभूती वाटत नाही, असा आक्षेप घेतला गेला. तरी खप प्रचंड झाला. शार्क सूडबुद्धीने माणसाचा पाठलाग करतो, हा चुकीचा समज या कलाकृतींमुळे वाचक-प्रेक्षकांत बळावला. त्याची खंत वाटून बेंचली यांनी उत्तरायुष्यात शार्कच्या संरक्षणाचा पुरस्कार केला.