बत्तीस अक्षरांची खूण

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवरच्या लिनक्सच्या बिल्ड सिस्टिममध्ये कर्नल-डिफॉल्ट्स नावाची एक मेकफाइल आहे. तिच्यात एक ओळ आहे, आणि तिचा अर्थ असा: कर्नलच्या निवडींच्या यादीतून ज्यांच्यापुढे ‘वाय’ किंवा ‘एम’ लिहिलंय तेवढ्याच ओळी ग्रेपने उचल, सॉर्टने क्रमाने लाव, सगळ्यांचा मिळून एमडी५ हॅश काढ आणि व्हर्मॅजिक नावाच्या फाइलीत ठेव. तीन आज्ञा, मधे दोन पाइप. फर्मवेअरच्या कोडमध्ये इतकी आशयघन ओळ मी दुसरी वाचलेली नाही.

या ओळीतून निघणारी बत्तीस अक्षरं कर्नलच्या पॅकेजला चिकटतात. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेल्या २३.०५.० आवृत्तीत कर्नल होता ५.१५.१३४. त्या आकड्यामागे ही खूण लागते, आणि अधिकृत भांडारातलं प्रत्येक कर्नल मॉड्यूल म्हणतं की मला हीच खूण असलेला कर्नल हवा. तुम्ही घरी बांधलेल्या कर्नलमध्ये ‘वाय’ किंवा ‘एम’ची एक जरी निवड वेगळी असली तरी खूण बदलते आणि त्या आवृत्तीचा पॅकेज-व्यवस्थापक ओपीकेजी ते मॉड्यूल बसवायला नकार देतो. या नकारावर पुष्कळ जण वैतागतात. मला तो नकार या व्यवस्थेतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटतो. लिनक्स कर्नलच्या आतल्या रचना स्थिर राहतील असं वचन कर्नलवाल्यांनी कधी दिलेलंच नाही. नेटवर्क कार्डाचं वर्णन करणारी नेट-डिव्हाइस ही रचनाच घ्या. व्हीलॅनची निवड चालू असेल तर तिच्यात एक पॉइंटर जास्त येतो आणि पुढची सगळी खाती सरकतात. जुन्या मापाने बांधलेलं मॉड्यूल मग भलत्याच जागी वाचतं आणि भलत्याच जागी लिहितं.

म्हणूनच ‘एम’ मोजण्याला एवढं मोल आहे. ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्येच बांधलेलं, ‘एम’ म्हणजे वेगळं मॉड्यूल. वेगळं आहे तर कर्नलला त्याचं काय, असं पहिल्यांदा वाटतं. पण तो जास्तीचा पॉइंटर व्हीलॅन ‘वाय’ असो वा ‘एम’, दोन्ही वेळा येतो. ओळ लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. उलट ज्या निवडी बंद आहेत त्यांच्याकडे ओळ पाहतच नाही, कारण बंद असलेली निवड आणि यादीत नसलेली निवड यांतून बांधला जाणारा कोड एकच असतो. काय मोजायचं याइतकाच काय सोडायचं याचाही इथे विचार आहे.

सॉर्टच्या आधी एक छोटंसं पद येतं: एलसी-ऑल बरोबर सी. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटेल, पण माझा सर्वाधिक जीव त्यावरच आहे. अक्षरांचा क्रम प्रत्येक लोकेल आपापल्या नियमाने लावतं, आणि कर्नलच्या निवडींची नावं तर अंडरस्कोअरने भरलेली. पुण्यात मराठी लोकेल लावलेल्या संगणकावर आणि बर्लिनमधल्या जर्मन लोकेलच्या संगणकावर तीच यादी वेगळ्या क्रमाने लागली, तर हॅशही वेगळा. या पदामुळे क्रम निव्वळ बाइटच्या किमतीवर ठरतो, आणि जगात कुठेही तोच ठरतो.

ही खूण घरी जशीच्या तशी उमटवायची वाटही प्रकल्पाने मोकळी ठेवली आहे. प्रत्येक आवृत्तीसोबत, प्रत्येक टार्गेटच्या फोल्डरमध्ये तीन छोट्या फाइली असतात. कोडची नेमकी जागा व्हर्जन-बिल्डइन्फो सांगते, २३.०५.० साठी ती आर२३४९७ पासून सुरू होते. बाहेरचे पॅकेज-संच कोणत्या कमिटवर होते ते फीड्स-बिल्डइन्फोत असतं. खरा ऐवज कॉन्फिग-बिल्डइन्फोत. त्यात सगळी कर्नल मॉड्यूलं बांधण्याची निवड चालू असते. मला दोनच मॉड्यूलं हवीत म्हणून ती बंद केली की घोळ झालाच: प्रत्येक मॉड्यूल कर्नलच्या यादीत आपले ‘एम’ घालत असतं, ते गळतात आणि हॅश बदलतो. यादी पूर्ण ठेवावी. त्याची किंमत बांधणीचा वेळ आणि डिस्कवरची जागा एवढीच, राउटरच्या इमेजमध्ये ही मॉड्यूलं आपोआप शिरत नाहीत.

याला एक आडवाटही प्रचलित आहे. मेकफाइलमधली ती ओळ काढायची आणि अधिकृत बत्तीस अक्षरं थेट फाइलीत लिहून टाकायची. ओपीकेजी फसतो, मॉड्यूल बसतं. दुसऱ्याचा शिक्का बनवून कागदावर उठवावा तसं हे काम, आणि रचना सरकलेली असेल तर त्याचा जाब चालता राउटर कोसळूनच मिळतो.

ओळीला मर्यादा आहेत. संख्या आणि मजकूर असलेल्या निवडी ती पाहत नाही. पॅच किंवा कंपायलर बदलला तरी तिला पत्ता नसतो. खूण जुळली म्हणजे कर्नल तोच, असं सिद्ध होत नाही. कर्नल बाइट-न्-बाइट तोच निघावा म्हणून बिल्ड सिस्टिम आणखी पुढे जाते. एरवी कर्नल आपल्या अंगावर बांधणाऱ्याचं नाव, यंत्राचं नाव, कितवी बांधणी आणि कोणत्या वेळी हे सगळं कोरून घेतो. ओपनडब्ल्यूआरटीचा अधिकृत कर्नल सुरू होताना सांगतो: बिल्डर, बिल्डहोस्ट, बांधणी क्रमांक शून्य. आणि वेळ? २३.०५.० मध्ये ती आहे ९ ऑक्टोबर २०२३, २१ वाजून ४५ मिनिटं ३५ सेकंद. बांधणी झाली तेव्हाची ही वेळ नाही, शेवटच्या कमिटची आहे. त्यामुळे तुम्ही दोन वर्षांनी बांधलात तरी कर्नल तीच वेळ सांगेल.

स्वतःचं फर्मवेअर बांधणार असाल तर आवृत्तीच्या टॅगवर जा, कॉन्फिग-बिल्डइन्फो आणि फीड्स-बिल्डइन्फो आपापल्या जागी ठेवा, फीड्स ताजे करून बसवा आणि मेक डेफकॉन्फिग चालवा. बांधणी संपली की व्हर्मॅजिक फाइल उघडून तिच्यातली बत्तीस अक्षरं अधिकृत भांडारातल्या मॉड्यूलांच्या फोल्डरच्या नावाशी ताडून पाहा. जुळली नाहीत तर ती पुसून लिहू नका. कोणती निवड वेगळी पडली ते शोधा.