‘गरीब’ या शब्दाचा हिशेब : हाले, तरंगंबाडी व तंजावर

लूथरपंथीय धर्मादाय कार्याचा हिंदुस्थानातील इतिहास हा मराठीच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असा एक समज आहे. तो टिकण्यासारखा नाही. या कार्याचा पहिला आणि सर्वांत दीर्घ अध्याय व्यंकोजी राजांनी स्थापिलेल्या तंजावरच्या मराठी राज्यात व त्याच्या सीमेवर घडला. तरंगंबाडीचे डॅनिश ठाणे तंजावर दरबाराला वार्षिक खंडणी देत असे. त्या ठाण्यात 9 जुलै 1706 रोजी त्सीगेनबाल्ग व प्ल्युचाऊ हे दोन जर्मन धर्मोपदेशक उतरले. त्यांना पाठविले डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने. परंतु पुढे शंभर वर्षे या कार्याला माणसे, औषधे, ग्रंथ आणि देणग्या पुरविल्या त्या प्रामुख्याने जर्मनीतील हाले येथील संस्थेने. प्रस्तुत लेखात त्या संस्थेचे गुणगान करावयाचे नाही. तिचा इतिहास ज्या शब्दावर उभारला गेला आहे, तो शब्द तपासावयाचा आहे.

हाले विद्यापीठात पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक असलेला आउगुस्ट हेर्मान फ्रांके हा शेजारच्या ग्लाउखा वस्तीचा पाद्रीही होता. 1695 साली दानपेटीत चार थालर सोळा ग्रोशेन एवढी रक्कम एकदम सापडली, आणि तेवढ्यावर त्याने दरिद्री मुलांची शाळा काढली, अशी परंपरागत कथा आहे. 1698 साली अनाथगृहाच्या इमारतीची पायाभरणी झाली. कथा हृद्य आहे. मात्र संस्था चालली ती दानपेटीवर नव्हे. औषधालय, मुद्रणालय व ग्रंथविक्री यांच्या उत्पन्नावर ती उभी राहिली, आणि फ्रांकेची खरी प्रतिभा तेथे दिसते. 1710 पासून तरंगंबाडीची पत्रे व दैनंदिनी ‘हालेचे अहवाल’ म्हणून छापून देणगीदारांकडे जाऊ लागली.

या वाङ्मयात पदोपदी येणारे विशेषण म्हणजे ‘आर्म’. जर्मन भाषेत त्याचे दोन अर्थ आहेत : निर्धन, आणि कीव करण्याजोगा. ‘बिचारा’ या आपल्या शब्दाची छटा त्यात आहे. ज्याला ख्रिस्ताची वार्ता पोचली नाही तो प्रत्येक मनुष्य ‘आर्म’; मग तो उपाशी शेतमजूर असो की सिंहासनावरचा तुळजाजी राजा असो. देणगीदाराच्या दृष्टीने हा शब्द फार सोयीचा होता. परंतु इतिहासकार तो जसाच्या तसा उचलतो तेव्हा राजा व परैयर मजूर एका ओळीत येऊन बसतात, आणि त्या दोघांमधील सारी उतरंड कागदावरून पुसली जाते. आपल्याकडील ‘गरीब’ शब्दाचा प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. अरबीत त्याचा अर्थ परका. मराठीत तो निर्धन झाला आणि शिवाय सोशीकही झाला. ‘गरीब गाय’ म्हणताना गायीच्या संपत्तीचा विचार कोणी करीत नाही.

शब्दाआड काय दडले ते पाहावयाचे तर राजनायक्कन याचे उदाहरण घ्यावे. तंजावरच्या सैन्यात चाकरी केलेला, मूळचा रोमन कॅथॉलिक असा हा परैयर गृहस्थ 1730 च्या आधीच लूथरपंथीयांना मिळाला, आणि 1771 साली मरेपर्यंत त्याने उपदेशकाचे काम केले. 1733 साली आरोन या वेल्लाळाला धर्मदीक्षा देऊन पाद्री करण्यात आले. दुसरा पाद्री नेमण्याची वेळ आली तेव्हा राजनायक्कनचे नाव पुढे होते; पण त्याच्या हातून वेल्लाळ ख्रिस्ती प्रसाद घेणार नाहीत म्हणून ते मागे पडले, आणि 1741 साली दिओगो याची निवड झाली. राजनायक्कनच्या योग्यतेविषयी मिशनऱ्यांना शंका नव्हती. ज्या संस्थेचा जन्मच दरिद्री मुलांसाठी झाला, तिच्या कार्यात दरिद्र्यांतल्या दरिद्र्याला वेदीपाशी उभे राहता येईना! आणि ही माहिती कोणी लपविलेली नाही. ती मिशनऱ्यांच्या स्वतःच्या लिखाणातूनच आपल्यापर्यंत आली आहे. दोष अहवालांचा कमी आणि त्यांवरून गौरवग्रंथ रचणाऱ्यांचा अधिक, असे म्हणावे लागते.

मराठी इतिहासलेखनही या बाबतीत निर्दोष नाही. आपल्याला श्वार्ट्‌झ ठाऊक असतो तो सरफोजी राजांचा पालक म्हणून. 1750 साली तरंगंबाडीस आलेला, 1778 पासून तंजावरास राहिलेला, दरबारात बोलता यावे म्हणून मराठी शिकलेला हा मनुष्य होता, हे खरेच. हैदर अलीच्या स्वारीनंतरच्या दुष्काळात त्याने तांदूळ साठवून भुकेल्यांना पोसले, हेही खरे. 1798 च्या फेब्रुवारीत तो वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. त्यांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करविले आणि स्मृतिलेख स्वतः इंग्रजी पद्यात रचला. भोसलेवंशाचा लेख बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली मराठीत कोरविणारा राजा गुरूला मात्र इंग्रजीत आठवतो, ही गोष्ट भाषाभ्यासकाने सहज सोडू नये. तथापि गुरुशिष्यांच्या या रम्य चित्रात हालेची संस्था दिसत नाही, आणि जिच्यासाठी ती संस्था होती ती माणसे तर मुळीच दिसत नाहीत.

वास्तविक तुलनेचे साधन तंजावरातच आहे. राज्यातील छत्रांविषयी सरफोजींनी 1801 साली इंग्रज रेसिडेंटाला पत्र लिहिले. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत सर्व वाटसरूंना छत्रात शिजलेला भात मिळतो, ज्यांना तो चालत नाही त्यांना कोरडा शिधा मिळतो, असे त्यात सांगितले आहे. अनाथ मुले, आजारी माणसे व गरोदर स्त्रिया यांच्या व्यवस्थेचाही उल्लेख आहे. हे दान समतेचे नव्हते. भात आणि शिधा यांतील भेद तेच सांगतो. पण त्याची भाषा उतरंडीला नावानिशी ओळखते. घेणारा कोण, हे तेथे एका विशेषणाखाली झाकले जात नाही. मला हालेच्या शाळेचे मोल छत्राच्या भातापेक्षा अधिक वाटते, कारण शाळा माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे करीत नाही. तरी शब्दांचा प्रामाणिकपणा छत्राच्या पत्रातच अधिक आहे.

झाकलेला प्रश्न पुढे उघडा पडलाच. तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीत वेल्लाळ व परैयर वेगळे बसत, आणि श्वार्ट्‌झने ते चालू दिले होते. 1820 नंतर आलेल्या नव्या मिशनऱ्यांनी ही चाल मोडावयास घेतली, तेव्हा तिच्या बाजूने लेखणी उचलली ती श्वार्ट्‌झच्याच हाताखाली वाढलेल्या, सरफोजींच्या आश्रयाला असलेल्या वेदनायक शास्त्री या तमिळ ख्रिस्ती कवीने. तोपर्यंत तंजावरचे काम इंग्रजी संस्थांकडे गेले होते. 1833 साली कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन याने जातिभेद तत्काळ सोडण्याची आज्ञा काढली. पुष्कळ वेल्लाळ कुटुंबे चर्च सोडून गेली. 1840 पासून लाइप्सिगचे लूथरपंथीय मिशन त्या प्रदेशात आले, त्याने जातीच्या बाबतीत नरमाईचे धोरण ठेवले, आणि दुरावलेल्यांपैकी अनेकांनी त्याचा आश्रय घेतला.