आंभोरा : संहितेतील स्थळ आणि स्थळाची संहिता

नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील आंभोरा येथे चैतन्येश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रवाशाला देवळाआधी एक ग्रंथ भेटलेला असतो. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये (इ. स. ११८८) ‘विवेकसिंधु’ याच ठिकाणी सिद्धीस नेला, ही श्रद्धा बरोबर घेऊनच तो वैनगंगा-कन्हान संगमावरील टेकडी चढतो. त्यामुळे त्याचे पाहणे हे आरंभापासूनच एक वाचन असते.

या श्रद्धेचा आधार म्हणजे ग्रंथातील वैनगंगातीराचा आणि अंबानगरीचा निर्देश. मात्र मुकुंदराजांची समाधी मराठवाड्यातील अंबाजोगाईस दाखवली जाते. ग्रंथातील राजा जयत्पाळ नेमका कोण, याविषयी एकमत नाही. कालनिर्देशक ओवीच्या अस्सलतेविषयीही अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. या वादातील पक्ष परस्परविरोधी असले, तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : संहिता म्हणजे दस्तऐवज. नामरूपाचे मिथ्यात्व प्रतिपादणाऱ्या अद्वैतपर ग्रंथाकडे आपण गावाचे नाव मागतो, यातील विसंगती मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही.

येथे महानुभावांच्या ‘स्थानपोथी’शी तुलना उपयुक्त ठरते. चक्रधरांच्या वास्तव्याच्या जागा दिशांसह नोंदवणारा तो ग्रंथ स्थळासाठीच लिहिलेला आहे. ‘विवेकसिंधु’ तसा नाही. त्यातील स्थलनिर्देश हा विवेचनाच्या ओघातील एक तपशील आहे. आंभोऱ्याच्या परंपरेने या तपशिलालाच केंद्रस्थानी आणले. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथ यांच्या समाधीची श्रद्धा त्याला जोडून तिने एका तत्त्वग्रंथाचे स्थानपोथीप्रमाणे वाचन केले. हा प्रकारबदल कवीने केलेला नसून वाचकसमूहाने केलेला आहे. म्हणून आंभोऱ्याचे देऊळ ग्रंथाच्या निर्मितीचा निर्णायक पुरावा ठरत नसले, तरी त्याच्या ग्रहणाचा पुरावा निश्चितच ठरते. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने हे मूल्य दुय्यम नाही.

या पुराव्याचे स्वरूप आज पालटत आहे. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयाने संगमाचे रूप बदलले आहे. पूर्वी भंडाऱ्याच्या बाजूचा यात्रेकरू नावेतून येई. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या पुलावरून आजचा प्रवासी तेच पाणी उंचावरून पाहतो. ओवीतील ‘तीर’ या शब्दाला पूर्वीचा काठ आता सापडत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, बुडिताखाली गेलेल्या कुही तालुक्यातील गावांची माणसे विखुरली. ग्रंथ आणि टेकडी यांचे नाते पिढ्यानपिढ्या सांगत आलेला वाचकसमूह तो हाच.

अंबानगरी कोणती, हा प्रश्न हस्तलिखितांच्या आधारे पुढेही चर्चिता येईल, हस्तलिखिते थांबतील. पुनर्वसित वस्त्यांतील वृद्धांच्या तोंडी असलेले ‘विवेकसिंधु’चे हे दुसरे वाचन मात्र थांबणार नाही. मराठी समीक्षेने आधी कोणत्या साक्षीकडे वळावे, याचे उत्तर या फरकातच आहे.