रीफ नॉटपासून राष्ट्रपतींच्या सहीपर्यंत

भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा अभ्यासक्रम चवीने कुणी वाचत नाही, परीक्षेपुरता चाळतात. पण प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार ही चढण बंदिशीसारखी बांधलेली आहे. सुरुवातीची जागाच पुढे पुन्हा येते, वेगळं वजन घेऊन.

रीफ नॉट घ्या. सारख्या जाडीच्या दोन दोऱ्यांची ही सपाट गाठ दहा वर्षांच्या पोराला खेळ वाटते. पुढे प्रथमोपचारात तीच त्रिकोणी पट्टीवर येते आणि तिच्या सपाटपणाचं कारण उमगतं: जखमीला ती टोचत नाही, सोडवतानाही ओढाताण करावी लागत नाही. क्लोव्ह हिचचं तसंच. आधी ती नुसती खांबाला मारायची गाठ असते. मग दोन बांबूंची चौकोनी बांधणी शिकताना कळतं, की बांधणी तिनेच सुरू होते आणि तिनेच संपते. अशा बांधण्यांचा पूल उभा राहिला, की त्यावरून आपल्याच संघातली मुलं चालणार असतात. गाठ सुटली तर कोण पडेल, हे नावानिशी ठाऊक असतं. परीक्षेची खरी धार मला तिथे दिसते.

स्कार्फ हा या रचनेतला सर्वांत देखणा भाग. गळ्यात तो गणवेश असतो, हात मोडला की झोळी. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या काळापासून त्याच्या टोकाला गाठ मारायचीही एक रीत आहे: रोजच्या सत्कृत्याची आठवण म्हणून.

खरी कमाईच्या पायरीवर मात्र रचना ढिली पडते. मुलाने अंगमेहनतीने चार पैसे मिळवावेत, एवढा साधा तिचा हेतू. आपल्या शाळांत तिचं भेळेचं दुकान झालं, आणि पुष्कळदा चिंच-गुळाची चटणी आईची, मिरवणं मुलाचं. सवलतीच्या गुणांच्या आशेने वर चढणारी मुलंही असतात. त्यांना दोष देववत नाही, पण चढणीचा रस त्यांच्या हाती लागत नाही.

इतिहास थोडक्यात: ब्राउनसी बेटावरचं पहिलं शिबिर 1907 चं, किंग्ज स्काऊट हा सर्वोच्च दर्जा 1909 चा. 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना झाली. पुढे आपल्याकडे राजाच्या जागी राष्ट्रपती आले. गाठी त्याच राहिल्या.

ही चढण इच्छापोरमधून वाचावी असं मला वाटतं. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे ठिकाण. पुढे वायू, खत आणि पोलादाचे कारखाने, बाजूला तापी. त्याच तापीच्या वरच्या अंगाहून, धुळे, जळगाव, नंदुरबारकडून, पोटासाठी सुरतेला आलेली मराठी घरं इथल्या परिसरात पुष्कळ. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली. सप्टेंबर 2020 मध्ये हजिऱ्याच्या वायू प्रकल्पात स्फोट झाले. अशा गावात बोलाइनची गाठ शिकणारा मुलगा नुसता अभ्यासक्रम पुरा करत नसतो. बोलाइनचा फास ओढला तरी आवळत नाही, म्हणून पाण्यात अडकलेल्या माणसाच्या छातीभोवती तो घालता येतो. पुस्तिकेत ही एक ओळ आहे, तापीकाठी तिला संदर्भ मिळतो.

राज्य पुरस्कारावर राज्यपालांची सही, शेवटच्यावर राष्ट्रपतींची. प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, पण रसिकाने मागावी ती चाचणी शिबिरात नेलेली नोंदवही. तिच्यात संगणकावरून छापून चिकटवलेली पानं सरळ उलटावीत. हाताने काढलेला गावाचा नकाशा सापडला, तर थांबावं: दवाखाना कुठे दाखवलाय, अग्निशमन केंद्राकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात चालू असतो का, पाणी चढलं तर कोणत्या गल्लीतून बाहेर पडायचं. खाडाखोड असेल तर उत्तम, म्हणजे पोरगा स्वतः फिरलाय.